मृत्युपत्रातील विद्यादान आणि घरचे देणे

आपल्या मरणानंतर आपल्या मालमत्तेपैकी काही भाग एखाद्या विद्यापीठास अथवा विद्यालयास मिळावा असे मृत्युपत्रात लिहून ठेवणे योग्य आहे काय, व योग्य असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न खेड्यापाड्यांतील आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी आपला वाटणार नाही. विद्यापीठ म्हटले म्हणजे मुंबईचा राजाबाई मनोरा डोळ्यांपुढे येतो, आणि मृत्युपत्र म्हटले म्हणजे वकील, मुद्रांक व मोठे वाडे. ज्याच्याजवळ दोन एकर कोरडवाहू जमीन, एक कौलारू घर व निवृत्तिवेतनातून शिल्लक पडलेले थोडेसे रुपये, त्याने या गोष्टीचा विचार कशास करावा? परंतु ज्या मंडळ्यांत दोन-तीन पिढ्या विद्येच्या आधारावर वाढल्या, तेथे आज असे वृद्ध स्त्रीपुरुष आहेत की ज्यांना लेकरू नाही, किंवा ज्यांची लेकरे शहरांत सुखी आहेत, आणि ज्यांच्या मनात असे येते की, ज्या विद्येने आपणांस माणसांत आणिले त्या विद्येच्या घरी आपले काही परत जावे. ही इच्छा उत्तम आहे. अडचण इच्छेची नाही. अडचण अशी की, मृत्युपत्राने एकास दिलेले ते बहुधा दुसऱ्या कोणास तरी न दिलेले असते, आणि तो दुसरा कोण हे देणारा क्वचितच मोठ्याने सांगतो.

अशा दानांचा मान इतिहासात मोठा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३८ साली जॉन हार्वर्ड नावाचा एक तरुण उपदेशक वारला. त्याने आपली अर्धी मालमत्ता व सुमारे ४०० ग्रंथ तेथे नुकत्याच निघालेल्या विद्यालयास दिले, व पुढील वर्षी त्या विद्यालयास त्याचेच नाव देण्यात आले. आज ते नाव सर्व जगास ठाऊक आहे. त्या उपदेशकाने व्यासपीठावरून काय उपदेश केला हे मात्र कोणास सांगता येणार नाही. नाव राहण्याचा हा मोह लहान नाही, आणि तो केवळ धनवानांसच होतो असेही नाही. मंदिराच्या बाकावर आपल्या वडिलांचे नाव रंगविले नाही म्हणून रुसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

कोणी म्हणेल, मेल्यावर देणे हे देणे कसले? जीव गेल्यावर मूठ आपोआप सैल पडते. ती आपण उघडली असे म्हणण्यात काय अर्थ? प्रभूने भांडारासमोर बसून ज्या विधवेची प्रशंसा केली, तिने आपल्या दोन टोल्या जिवंतपणी टाकिल्या, सायंकाळच्या भाकरीची शाश्वती नसता टाकिल्या. मृत्युपत्रात लिहून ठेवून ती घरी गेली नाही. धनवानांच्या बाबतीत हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. मुंबईचे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये व नंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आकाशास भिडले होते, त्या दिवसांचे ते पैसे. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईतील कित्येक मोठ्या पेढ्यांबरोबर प्रेमचंदांचेही वैभव एका फटक्यात नाहीसे झाले. परंतु विद्यापीठास जे दिले होते ते देऊन झाले होते. त्यांच्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाचा मनोरा १८७८ साली पुरा झाला व आजही उभा आहे. तीच रक्कम त्यांनी मृत्युपत्रासाठी राखून ठेविली असती तर ती धनकोंच्या हाती गेली असती. (सट्ट्याच्या पैशाने विद्यादान करावे काय, हा निराळा प्रश्न, तो आम्ही येथे उघडीत नाही.)

गरिबाची गोष्ट तशी नाही. ज्या शेतातून रोजची भाकर निघते ते शेत त्याने जिवंतपणी कसे द्यावे? दिले तर म्हातारपणी मंडळीच्या दारी हात पसरावा लागेल, व आपले ओझे दुसऱ्यावर टाकून केलेल्या दानाची शोभा ती काय? त्याला देणे शक्य आहे ते असेच की, मी आहे तोवर हे शेत मला पोसील. मी गेल्यावर ते अमक्या कामी लागावे. एखादी बायबलबाई घ्या. तरुणपणी विधवा झाली, मिशनच्या शाळेत शिकली, चाळीस वर्षे गावोगाव पायी फिरली, एक घर व थोडी शिल्लक एवढेच तिचे धन. तिने हे आपल्या मागे विद्यालयास लिहून दिले तर तिच्या त्या लिहिण्यात मूठ सैल पडल्याचा प्रकार नाही. म्हणून मृत्युपत्र हे धनवानाचे साधन आहे असा जो समज आहे तो आम्हांस उलटा वाटतो. धनवानास जिवंतपणी देण्याची सोय असते. गरिबास पुष्कळ वेळा हीच एक वाट उरते.

आता अशा मृत्युपत्रात काय असावे, हे पाहण्यासाठी आम्ही आमच्या वाचकांपुढे एक जुने मृत्युपत्र ठेवितो. ते डॉक्टर विल्यम केरी यांचे आहे. केरी कोण हे मराठी ख्रिस्ती माणसास सांगावयास नको. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८११ साली त्यांच्या देखरेखीखाली, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने झालेला मराठी नवा करार श्रीरामपूर येथे छापून निघाला. (हे श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगराकडील नव्हे, बंगालमध्ये कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठी वसलेले, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले गाव.) तेथे केरी, मार्शमन व वॉर्ड या तिघांनी १८१८ साली एक महाविद्यालय काढिले, व १८२७ साली डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी सनद देऊन त्यास विद्यापीठाप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रातील कित्येक पाळकांच्या पदवीपत्रावर आज जे श्रीरामपूरचे नाव असते ते याच सनदेच्या बळावर.

केरी ९ जून १८३४ रोजी वारले. त्यांच्या मृत्युपत्रातील पहिलेच कलम आम्हांस विचार करावयास लावणारे आहे. ते असे की, श्रीरामपूर येथील मिशनच्या जागेवर व तिच्या कोणत्याही भागावर माझा हक्क नाही, तो पूर्वी कधी नव्हता, आणि तो आहे असे मी कधी मानिलेही नाही. तीस-पस्तीस वर्षे ज्या जागेत राबले, जिच्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी, बंगाली व संस्कृत शिकवून मिळालेला पगार सामाईक थैलीत घातला, तिच्याविषयी हा मनुष्य आधी लिहितो की ती माझी नाही. यामागे एक कारणही होते. त्या जागेच्या मालकीवरून श्रीरामपूरची मंडळी व इंग्लंडातील मिशनरी सोसायटी यांच्यात वर्षानुवर्षे कटु वाद झाला होता. मरणाऱ्याने आपल्या वारसांच्या हाती त्या वादाचे एकही शस्त्र राहू दिले नाही. आपल्या मंडळ्यांत मिशनच्या जमिनींवरून व विश्वस्तपदांवरून जे खटले चालतात ते ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना या एका कलमाची किंमत सांगावयास नको.

त्याच मृत्युपत्रात विद्यालयाचे दान येते. खनिजे, शिंपले, पोवळी, कीटक इत्यादिकांचा त्यांचा संग्रह, वाळवून ठेविलेल्या वनस्पती, लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी भेट दिलेला वनस्पतींवरील मोठा ग्रंथ, इब्री भाषेचा एक शब्दसंग्रह, निरनिराळ्या भाषांतील बायबले, आणि इटालियन व जर्मन पुस्तके, हे सर्व श्रीरामपूरच्या महाविद्यालयास. रोख रक्कम नाही, कारण रोख रक्कम नव्हतीच. जे होते ते मात्र असे होते की, घरच्यांच्या फारसे उपयोगी पडणार नाही आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल. आमच्या समजुतीने विद्यादानाची निवड कशी करावी याचा हा चांगला नमुना होय.

पुढे घर येते. पत्नी ग्रेस हिने माझ्या ग्रंथालयातून तिला हवी ती इंग्रजी पुस्तके आधी निवडून घ्यावी. बाकीची विकावी. त्या विक्रीतून मुलगा जाबेझ यास १५०० रुपये द्यावे, कारण फेलिक्स व विल्यम या दोघांस मी तेवढेच पूर्वी दिले आहेत. जोनाथन यासही तितकेच देण्याचा माझा हेतू होता, परंतु देवाने त्याची भरभराट केली असून त्याला सध्या गरज नाही. उरेल ते, घरातील सामानसुमानासह, पत्नीस. वाचकांनी येथे थांबून पहावे. चार मुलांपैकी एकास काही मिळाले नाही. परंतु का मिळाले नाही हे बापाने स्वतः लिहून ठेविले, आणि त्या लिहिण्यात राग नाही. पूर्वीचा आपला बेत पैशाच्या अभावी पुरा करिता येत नाही, हेही त्यांनी झाकून ठेविले नाही. १८३० पासून कलकत्त्यातील मोठमोठ्या व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या होत्या व श्रीरामपूरच्या मंडळींना त्याचा जबर तडाखा बसला होता. आणि सहाव्या कलमात ते सांगतात की, या सर्वांच्या आधी माझे जे खरे कर्ज असेल ते फेडावे, व माझी प्रेतक्रिया होईल तितकी साधी करावी. लिहिण्याच्या क्रमात कर्ज सहावे आहे; देण्याच्या क्रमात पहिले.

त्याच हुगळीच्या काठी, कलकत्त्यात, चौतीस वर्षांनी दुसरे एक मृत्युपत्र अंमलात आले. प्रसन्नकुमार ठाकूर हे बंगालमधील मोठे जमीनदार, नामांकित वकील व लोकाग्रणी. १८६८ साली ते वारले. त्यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून कलकत्ता विद्यापीठात कायद्याची एक व्याख्यानमाला सुरू झाली. १८७० पासून ठाकूर व्याख्याने म्हणून ती प्रसिद्ध आहे, व तेथे दिलेली व्याख्याने ग्रंथरूपाने छापली जाऊन वकिलांच्या व न्यायाधीशांच्या हाती शंभराहून अधिक वर्षे खेळत आली आहेत. विद्यापीठास मृत्युपत्राने दिलेल्या दानाचे याहून फलदायी उदाहरण या देशात सापडणे कठीण.

परंतु त्याच मृत्युपत्राला दुसरी बाजू आहे. प्रसन्नकुमारांचे एकुलते एक पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांनी १८५१ साली बाप्तिस्मा घेतला व पुढे रेव्हरंड कृष्णमोहन बंदोपाध्याय यांच्या कन्येशी विवाह केला. १८६२ साली ते इंग्लंडात बॅरिस्टर झाले. हिंदी लोकांत तो मान प्रथम त्यांना मिळाला. बापाने आपल्या अफाट संपत्तीतून या मुलास वगळिले आणि जमीनजुमला पुतणे जतींद्रमोहन व त्यांच्या पुरुषवंशाकडे पिढ्यान्‌पिढ्या जावा अशी व्यवस्था लिहून ठेविली. धर्मांतर केल्याने वारसाहक्क बुडत नाही असा कायदा १८५० सालीच झाला होता. परंतु बंगालमध्ये चालणाऱ्या दायभाग पद्धतीप्रमाणे बाप जिवंत असेतोवर मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीत हक्क नसतो, आणि बापास ती मृत्युपत्राने वाटेल त्यास देता येते. आपल्याकडील मिताक्षरा पद्धतीत मुलास जन्मतःच हिस्सा असल्यामुळे हे इतके सोपे नव्हते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८७२ साली निकाल झाला की, न जन्मलेल्यांच्या नावे अशी नवी वारसपद्धती कोणाही खाजगी मनुष्यास मृत्युपत्राने निर्माण करिता येत नाही. पुतण्याचा हक्क त्याच्या हयातीपुरता, पुढे मिळकत कायदेशीर वारसाची, म्हणजे त्या ख्रिस्ती मुलाची. ज्ञानेंद्रमोहन १८९० साली लंडनमध्ये वारले. जतींद्रमोहन त्यानंतर आणखी अठरा वर्षे जगले.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. एका हाताने पोटच्या मुलास दूर लोटून दुसऱ्या हाताने विद्येच्या मंदिरात वाहिलेले फूल चांगले की वाईट? आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस बाप्तिस्म्याच्या दिवशीच घराबाहेर काढिले, पाणवठा बंद केला, शेतातील हिस्सा नाकारिला. तेव्हा आमचे मन लगेच म्हणेल की असले दान विटाळलेले. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या व्याख्यानांपैकी गुरुदास बॅनर्जी यांची १८७८ सालची व्याख्याने हिंदु विवाह व स्त्रीधन यांच्या कायद्यावर आहेत. जर्मन पंडित योली यांची १८८३ सालची तर वाटणी, वारसा व दत्तक यांच्या इतिहासावर. मुलाला वारसा नाकारणाऱ्या बापाच्या पैशातून वारशाच्या कायद्याचे ज्ञान वाढले, आणि ते ज्यांच्या उपयोगी पडले त्यांचा त्यात काही दोष नाही. घेणाऱ्याच्या हाती ते दान शुद्ध आहे. देणाऱ्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही की, विद्यापीठास दिले म्हणून मुलाचे देणे फिटले. दोन हिशेब निरनिराळ्या वह्यांतले आहेत, व एका वहीतील जमेने दुसऱ्या वहीतील नावे बाजू पुसली जात नाही.

प्रभूने परूशी व शास्त्री यांस याच गोष्टीचा जाब विचारिला होता. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो प्रसंग आहे. कोणी आपल्या आईबापांस सांगावे की, माझ्याकडून तुम्हांस जे मिळावयाचे ते कुर्बान, म्हणजे देवास अर्पण झाले. आणि शास्त्र्यांनी म्हणावे की, झाले, आता याला आईबापांसाठी काही करण्याची गरज नाही. प्रभूचा राग अर्पणावर नव्हता. ज्या वस्तूवर दुसऱ्याचा आधीच हक्क लागलेला आहे ती देवाच्या नावाने उचलून नेणे आणि वर धर्मशील म्हणून मिरविणे, यावर तो राग होता. तेथे मुलगा आईबापांस वगळीत होता. येथे बाप मुलास वगळितो. नियम तोच. कुर्बानाच्या ठिकाणी विद्यापीठ, रुग्णालय अथवा मंदिराचा जीर्णोद्धार घातला म्हणून तो बदलत नाही.

आणि ठाकुरांकडे बोट दाखविणे सोपे आहे; ते तर आमच्या धर्माचेही नव्हते. आपल्या घरांत काय चालते? ज्यांच्या आजोबांस धर्मासाठी वाटणीतून काढिले, तेच नातू आज आपल्या मुलीने मंडळीबाहेर लग्न केले म्हणून तिचे नाव कागदातून काढितात, आणि घर ‘प्रभूच्या कार्यास’ देऊन टाकितात. दुसऱ्या कोणी मुलीस लग्नात भांडीकुंडी दिली एवढ्यावर तिचा हिशेब संपवितात व उरलेले एखाद्या संस्थेच्या पदरात टाकून वर्तमानपत्रात नाव छापवून घेतात. मृत्युपत्र केलेच नाही तर ख्रिस्ती मनुष्याच्या मागे १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवेस तृतीयांश मिळतो व उरलेले मुलगा आणि मुलगी यांस सारखे वाटले जाते. म्हणजे पुष्कळ वेळा मृत्युपत्र लिहिले जाते ते, कायद्याने जे मुलीस आपोआप मिळाले असते ते मिळू नये म्हणूनच. गोव्यात असे करिता येत नाही; तेथील पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याप्रमाणे मुले असता मालमत्तेचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो, आणि मृत्युपत्राची सत्ता उरलेल्या अर्ध्यावरच चालते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसावर असे कोणतेही बंधन नाही. त्याने सर्वस्व विद्यापीठास लिहून दिले व विधवा पत्नीस उघड्यावर टाकिले तरी कागद कायदेशीर ठरेल. केरींनी ग्रेसबाईंस आधी पुस्तके निवडू दिली, ती कायद्याच्या धाकाने नव्हे.

कायद्याने एके काळी ख्रिस्ती लोकांच्या धर्मदायावर पहारा ठेविला होता, हे आमच्या थोड्याच वाचकांस ठाऊक असेल. त्याचे मूळ इंग्लंडात आहे. मरणाच्या शय्येवर पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून धर्माच्या नावाने जमिनी लिहून घेतल्या जातात, या भीतीने तेथे १७३६ साली कायदा झाला की, असे जमिनीचे दान मरणाच्या निदान बारा महिने आधी, रीतसर दस्तऐवजाने केलेले असले पाहिजे. गंमत ही की, ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांस त्यातून सूट होती. जणू विद्वानांस मरणाऱ्याच्या उशाशी बसता येत नाही! तोच विचार हिंदुस्थानात १८६५ च्या वारसा कायद्यात आला, व तेथून १९२५ च्या कायद्याचे ११८ वे कलम झाला. ज्याला पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे त्याने धर्मकार्यास अथवा परोपकारास काही ठेवावयाचे तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी झालेले असावे व सहा महिन्यांच्या आत ते सरकारी कचेरीत जमा केलेले असावे. हिंदु व मुसलमान यांस हे कलम लागू नव्हते. ख्रिस्ती लोकांस होते. अकराव्या महिन्यात मरण आले की दान बुडाले, मग मरणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो. केरळातील एका धर्मगुरूने याविरुद्ध दाद मागितली, आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समतेच्या तत्त्वास सोडून आहे म्हणून रद्द केले.

निकाल योग्यच झाला. एका धर्माच्या लोकांवरच अविश्वास दाखविणारा कायदा ठेवण्यात न्याय नव्हता. परंतु ज्या भीतीतून तो निघाला ती भीती खोटी नव्हती, आणि आमचे हे म्हणणे विशेषतः उपदेशकबंधूंस उद्देशून आहे. खेड्यात आजाऱ्याजवळ प्रार्थनेस जाणारा तो तुम्हीच. गावात लिहितावाचता येणारा, विश्वासाचा माणूसही बहुधा तुम्हीच. अशा वेळी क्षीण झालेल्या माणसाने म्हटले की, बाबा, तुम्हीच लिहा, तुम्ही सांगाल त्या कॉलेजला देऊ, तर लेखणी हाती घेऊ नका. त्याला बरे वाटू द्या. महिन्याने, तो उठून अंगणात बसू लागल्यावर, त्याच्या घरच्यांच्या देखत पुन्हा विचारा. तेव्हाही त्याचे मन तेच असले तर गावाबाहेरच्या कोणा जाणत्या माणसाकडून कागद करवून घ्यावा. आणि तो उठलाच नाही तर? तर विद्यालयास काही मिळणार नाही. त्या विद्यालयाचे त्याने काही बिघडत नाही. परंतु उपदेशकाने आजाऱ्याचे घर मिशनकडे वळविले असे गावात एकदा झाले म्हणजे त्या गावात सुवार्तेचे दार किती वर्षे बंद राहील, याचा हिशेब कोणत्याही देणगीत बसत नाही.

द्यावे कोणास, याविषयी थोडेसे. मोठ्या विद्यापीठास तुमच्या पन्नास हजारांचा पत्ताही लागणार नाही. ज्या महाविद्यालयात खेड्यातील मुलेमुली खरोखर शिकतात, त्याचे ग्रंथालय किंवा वसतिगृह पहावे. तेथे जाऊन यावे, मुख्याध्यापकांपेक्षा स्वयंपाक्यास अधिक विचारावे. अटी थोड्या घालाव्या. अमक्याच आडनावाच्या मुलास, अमक्याच तालुक्यातील, अमकीच भाषा शिकणाऱ्यास अशा अटींनी बांधलेली देणगी वीस वर्षांनी घेण्यास कोणी उरत नाही, आणि रक्कम पेढीत कुजत पडते. प्रसन्नकुमारांनी विद्यापीठास दिलेले टिकले. वंशास जखडण्यासाठी लिहिलेले मोडून पडले. नावाची पाटी लावावयाचीच असेल तर आमची हरकत नाही, पण ती लहान असावी.

आता ती बायबलबाई, जिचा उल्लेख आम्ही वर केला. तिचे भाचे तिला वर्षानुवर्षे भेटावयास आले नाहीत, आणि आता घराची किंमत ऐकून आले आहेत. त्यांचे तिच्यावर काही देणे आहे काय? आम्हांस वाटते, नाही. नाते आहे, परंतु नात्याचे ओझे त्यांनी कधी उचलिले नाही, व तिच्या कमाईत त्यांचा घाम नाही. तिने घर विद्यालयास दिले तर त्यात कुर्बानाचा दोष नाही. तिने ते भाच्यांस स्पष्ट सांगावे, म्हणजे मागाहून कोर्टकचेऱ्या होणार नाहीत. परंतु शेजारची एक सून आहे. तिने तीन पावसाळे या म्हातारीस आंघोळ घातली, भाकर भरविली, रात्री दिवा जवळ ठेविला. ती मंडळीची सभासद नाही, आणि तिने कधी काही मागितलेलेही नाही. मृत्युपत्राच्या मसुद्यात विद्यालयाचे नाव आहे, मंडळीचे नाव आहे, स्मशानाच्या भिंतीसाठी रक्कम आहे. हिचे नाव नाही, कारण लिहिणाऱ्यास ते सुचले नाही व म्हातारीस ती घरचीच वाटते. कर्ज आधी फेडावे असे केरींनी लिहिले. हे कर्ज कोणत्याही वहीत नाही म्हणून ते शोधून काढावे लागते. शिलकीतून तिचा वाटा आधी काढून ठेवावा, आणि मग घर विद्यालयास लिहावे. मात्र कागदावर साक्षीस तिला किंवा तिच्या नवऱ्यास बसवू नये. ख्रिस्ती मनुष्याच्या मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला, अथवा त्याच्या पतीस वा पत्नीस, दिलेली देणगी कायद्याने रद्द होते. गावातील कोणीही दुसरे दोघे, ज्यांना त्यातून काही मिळावयाचे नाही, ते साक्षीस चालतील.